पड ठेवलेलं खाचर

हौशीराम गवारी माझ्या घरात कधीही आत आला नाही. बाजाराच्या दिवशी घोडेगावात उतरला की तो माझ्या पायरीवर बसायचा, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि बेताच्या आवाजात म्हणायचा, "बाई, हायेत का?" दार उघडं दिसतंय ना, मग मी असणारच, असं मी त्याला एकदा म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "आमच्याकडं दार उघडंच असतं, बाई. माणूस रानात असतं."

त्याचं गाव हिरडेवाडी. भीमाशंकरच्या रस्त्यावर एक फाटा लागतो, तिथं चहाची टपरी आहे, आणि टपरीच्या खाली उतारावर नऊ घरं. भाताची खाचरं, थोडी नाचणी, आणि बांधाच्या कडेनं हिरड्याची झाडं. माझे पती डिंभे धरणाच्या कालव्यावर ओव्हरसियर होते, त्यामुळे या बाजूची गावं मला नावानं ठाऊक होती. ते गेल्यावर मुलाने पुण्याला बोलावलं. मी गेले नाही. घराजवळ आदिवासी मुलींचं वसतिगृह आहे. तिथल्या मुली संध्याकाळी इंग्रजी शिकायला माझ्याकडे येतात. हौशीरामची मुलगी इंद्रायणी त्यांच्यापैकी एक. अकरावीत असताना ती पहिल्यांदा आली आणि सबंध महिनाभर एक शब्द बोलली नाही. महिन्याने तिने विचारलं, "बाई, यातलं उच्चारायचं नसलेलं अक्षर लिहितात कशाला?" माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी मलाही हे कधी सांगितलं नव्हतं.

हौशीराम चौथी शिकलेला. वाचताना अक्षराखाली बोट धरायचा. पण वाडीत त्याला मान होता तो एका कामासाठी. पावसाळ्यात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, एकट्या घराला जमत नाही. नऊ घरं मिळून एकेकाच्या खाचरात उतरतात; आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. याला ते सावड म्हणतात. ज्याने दुसऱ्याचे हात आपल्या चिखलात घेतले, त्याने तितकेच हात, तितकेच दिवस त्याच्या चिखलात द्यायचे. कुणाची बारी कधी, कुणाकडे कुणाचे किती दिवस राहिले, हे सारं हौशीरामच्या डोक्यात असे. कागदावर काही नाही. वीस वर्षांत त्याच्या तोंडून चूक निघाली नव्हती. कुणाच्या घरी आजारपण आलं, मयत झाली, तर त्या घराची बारी मागे जायची. "बारी मागं जाती, बाई," त्याने मला एकदा समजावलं होतं, "पण बारी जात न्हाई. शेवटाला का व्हईना, सगळी त्याच्या खाचरात उतरणार म्हंजी उतरणार."

हे त्याचं वाक्य मी त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये त्याची बायको कोंडाबाई हिरडा काढताना झाडावरून पडली. कमरेखालचं अंग गेलं. मंचरला नेलं, पुण्याला नेलं, आणि मग घरी आणलं. इंद्रायणी वसतिगृह सोडून वाडीत गेली. बारावीचं वर्ष तिने आईच्या अंथरुणाशेजारी काढलं. उपकेंद्राच्या नर्सबाई, जुन्नरच्या जास्मिन शेख, आठवड्यातून एकदा स्कूटरवरून फाट्यापर्यंत येत आणि चपला हातात घेऊन उतार उतरत. त्यांनीच इंद्रायणीला जखम धुवायला शिकवलं, कुशीवर वळवायला शिकवलं. महिनाभरातच त्या हौशीरामला म्हणाल्या, "काका, तुमची मुलगी माझी नोकरी खाणार बघा. माझ्यापेक्षा हलका हात आहे हिचा."

"खाऊ द्या की," हौशीराम म्हणाला. "तुमी तरी किती दिस हातात चपला घेऊन यायच्या?"

कोंडाबाई डिसेंबरमध्ये गेली. दोन महिन्यांनी इंद्रायणीने बारावीची परीक्षा दिली. साडेएकसष्ट टक्के पडले. निकालाच्या दिवशी हौशीराम पायरीवर बसून म्हणाला, "बाई, नर्शिंगचा फारम भरायचा म्हनती. भरा."

फॉर्म भरायला आम्ही सुनीलच्या ई-सेवा केंद्रात गेलो. कागद सगळे होते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणीचं प्रमाणपत्र, रहिवासाचा दाखला. ते सगळे तिने घरात चुलीच्या वर माळ्यावर, खताच्या पिशवीत गुंडाळून ठेवले होते, म्हणून त्यांना धुराचा वास येत होता. सुनीलने एकेक कागद नाकाला लावला आणि म्हणाला, "आज्जी, हे स्कॅन करू का शेकू?" इंद्रायणी त्या दिवशी मोकळेपणाने हसली. आई गेल्यानंतर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

मोबाइल नंबरच्या रकान्यापाशी गाडी अडली. वाडीत रेंज नाही. फाट्यावर एक खडक आहे, त्यावर उभं राहिलं तर कधी येते, कधी नाही. म्हणून माझा नंबर टाकला. सुनील म्हणाला, "आता ओटीपी येईल. जो कुणालाही सांगू नका म्हणतात ना, तो मला सांगा."

त्या कॉलेजच्या फॉर्ममध्ये एक वेगळा रकाना होता. नर्स का व्हायचे आहे, ते दहा ओळींत लिहा. इंद्रायणी बाकावर बसली आणि पाऊण तासात सहाच ओळी लिहिल्या. त्या मी नंतर उतरवून घेतल्या:

"माझी आई आठ महिने अंथरुणावर होती. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागे. पहिल्या महिन्यात मला हे माहीत नव्हते, म्हणून तिच्या पाठीला जखम झाली. ती जखम शेवटपर्यंत भरली नाही. ती जखम मला न कळल्यामुळे झाली. मला कळायला हवे आहे."

अजून चार ओळींची जागा आहे, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "बाई, अजून काय नाय."

जूनच्या शेवटी वाडीत आवणीचा क्रम ठरला. त्या वर्षी पहिली बारी बहिरूआबांची होती. बहिरूआबा सत्तरीचे, घरात ते आणि त्यांची म्हातारी. हौशीरामची बारी सगळ्यांत शेवटी, नववी. तेव्हा बहिरूआबा सगळ्यांसमोर म्हणाले, "हौशीरामाचं आधी उरका. पोरीचं कवाबी बोलावणं यील. शेवटाला मी ऱ्हातो. माझं रोप दमानं घेईल." हौशीरामने नको म्हणून पाहिलं. त्याचं कुणी ऐकलं नाही. वाडीतून शिकायला बाहेर पडणारी ती पहिलीच मुलगी होती.

जुलै लागताच सगळी वाडी हौशीरामच्या खाचरात उतरली आणि दोन दिवसांत त्याची आवणी झाली. मग बाप-लेक एकेकाच्या खाचरात उतरून दिवस फेडू लागले.

गुरुवार, ११ जुलै २०२४. डायरीत पहिली ओळ नेहमीप्रमाणे हवेची आहे: दिवसभर संततधार, कपडे वाळले नाहीत. दुसरी ओळ: संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी इं.च्या कॉलेजचा निरोप आला. नाव लागलं.

मी हौशीरामच्या मोबाइलवर चार वेळा फोन लावला. चारही वेळा संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मग चिठ्ठी लिहिली. सवयीप्रमाणे तिची नक्कल डायरीत ठेवली:

"चि. इंद्रायणीस, अनेक आशीर्वाद. तुझे नाव यादीत लागले आहे. मनापासून अभिनंदन. मूळ कागदपत्रांसह सोमवार, दि. १५ जुलैपर्यंत कॉलेजमध्ये हजर राहावे, असा निरोप आहे. येताना माझ्याकडे ये, मी सोबत येईन. तुझी, बाई."

शुक्रवारी सकाळच्या भीमाशंकर गाडीच्या कंडक्टरजवळ ती दिली. त्यांनी ती फाट्यावरच्या टपरीत दिली. दुपारी हौशीराम तंबाखू घ्यायला वर आला, तेव्हा टपरीवाल्या अमृतने ती त्याच्या हातात ठेवली. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं आणि ठीक झालं.

शनिवारी ती आली नाही. कागद गोळा करत असेल, असं मला वाटलं. रविवारी आली नाही. सोमवारी सकाळपासून मी साडी नेसून, पर्स घेऊन दारात बसले होते. दुपारी सुनीलला गाठलं, त्याने त्याच्या फोनवरून लावून पाहिला. मग फाट्याकडे जाणारी दुपारची गाडी पकडावी म्हणून स्टँडवर गेले, तर रस्त्यावर झाड पडलं म्हणून गाडी रद्द. पाच वाजता मी घरी परत आले. त्या दिवशीच्या डायरीत हवेची ओळ नाही.

मंगळवारी सकाळी साडेनऊला दोघं पायरीवर हजर. हौशीरामने धुतलेला सदरा घातला होता. इंद्रायणीच्या हातात फाइल होती. तिच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या, बोटांच्या बेचक्यांत मेंदी लावलेली होती.

"बाई, पेढं घ्या," हौशीराम म्हणाला. पेढ्यांचा पुडा त्याने स्टँडवरूनच आणला होता.

मी इंद्रायणीकडे पाहिलं. तिला तारीख कळली होती. तिने चिठ्ठी आदल्या रात्री वाचली होती, बापाने दिली तेव्हा. ती फक्त म्हणाली, "बाई, आजच्या आज गेलो तर घेतील ना?"

मी म्हटलं, चला.

मंचरला गाडी बदलून आम्ही कॉलेजात पोचलो तेव्हा एक वाजत आला होता. खिडकीपलीकडे चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही. त्यांनी उठून आधी पाणी दिलं. मग यादी काढली, नावावर बोट ठेवलं.

"इंद्रायणी हौशीराम गवारी. अहो, काल पाच वाजेपर्यंत वाट पाहिली आम्ही. साडेपाचला पुढच्या मुलीला कळवलं. ती आज सकाळी येऊन गेलीसुद्धा."

"येऊ द्या की," हौशीराम म्हणाला. "तिला पुढं घ्या. आमाला तिच्या मागं धरा."

"मागे नाही धरता येत, काका."

"येक दिसाचा तर उशीर हाये. शेवटाला धरा. सगळ्यांच्या शेवटाला."

"शेवट वगैरे नसतो हो त्यात. जागा गेली."

"जागा गेली म्हंजी?" हौशीरामने माझ्याकडे वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, समोरच्याने काही गंमत केली असावी तसं. "जागा कुठं जाती, बाई?"

खिडकीतल्या बाईंनी आत जाऊन प्राचार्यांशी बोलून पाहिलं, दहा मिनिटांनी बाहेर आल्या आणि मान हलवली. पुढच्या वर्षी नक्की भर, असं त्या इंद्रायणीला म्हणाल्या. इंद्रायणीने फाइल बंद केली आणि त्यांना "थँक यू, मॅडम" म्हटलं. मी शिकवलं होतं तसं, जीभ दातांना लावून.

बाहेर आवारात एक कडुलिंब आहे, त्याच्या पारावर आम्ही बसलो. तिथे हौशीरामने सगळं सांगितलं. चिठ्ठी त्याच्या हातात शुक्रवारी दुपारीच आली. बोट धरून त्याने ती दोनदा वाचली. आनंदाने त्याला अमृतच्या टपरीतच रडू आलं. पण शनिवारपासून बहिरूआबांची बारी होती. तीन दिवसांचं काम होतं आणि त्यांचं रोप पिवळं पडायला लागलं होतं. ज्याने आपली पहिली बारी दिली, त्याच्याच खाचरातून पोरीचे हात काढून घ्यायचे?

"मी म्हणलं, पोरीला आत्ता सांगितलं तर तिचं चित्त काय चिखलात ऱ्हायचं न्हाई. म्हणून खिशात ठिवली. सोमवारी सांजला बहिरूचं शेवटचं खाचर झालं आन् बांधावंच तिच्या हातात दिली." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पंधरा तारीख वाचली व्हती मी, बाई. न्हाई आसं न्हाई. मला वाटलं, उशीर झाला तर नंबर मागं जाईल. जाऊ द्या म्हणलं, शेवटाला बसंल."

इंद्रायणी खाली बघत होती. मग म्हणाली, "बा, आबाचं रोप आणिक दोन दिस टिकलं नसतं. ऱ्हाऊ दे आता."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि तो उभाच राहिला, जागा असूनसुद्धा. पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवर होता.

त्या रात्री मी फोनवरचा मूळ निरोप पुन्हा वाचला आणि डायरीतल्या नकलेशी ताडून पाहिला. निरोपाच्या शेवटी एक वाक्य होतं: "अन्यथा प्रवेश रद्द समजून जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल." हे वाक्य मी चिठ्ठीत घेतलं नव्हतं. विसरले नव्हते; गाळलं होतं. आनंदाच्या पत्रात धमकीची भाषा नको, असं लिहिताना माझ्या मनात आलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं. लहानपणी शाळेत आम्हाला पत्रलेखन शिकवताना सांगत, की गोड बातमीचं पत्र गोडच संपवावं. चौसष्ट वर्षं मी रोज डायरी लिहिते. घडलं तसं लिहायचं, काही गाळायचं नाही, हा माझा नियम. त्या चिठ्ठीत मात्र मी तो मोडला होता.

हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

इंद्रायणी मंचरच्या एका खासगी दवाखान्यात कामाला लागली. लादी पुसायची, पेशंटला भांडं द्यायचं, चादरी बदलायच्या. अशा बायकांना तिथे सगळे मावशी म्हणतात. एकोणीस वर्षांच्या मुलीला साठीचे पेशंट "ओ मावशी" म्हणून हाका मारत. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडे येई तेव्हा मी तिला विचारायचे, काय शिकलीस? ती सांगायची, सलाइन संपत आलं की आधी कुणाला बोलवायचं, रक्ताची चादर गार पाण्यात का भिजवायची. एकदा म्हणाली, "बाई, काल एका आजीला मी कुशीवर वळवलं. सिस्टर ओरडली, हे तुझं काम नाही म्हणून. मी म्हणलं, सॉरी. पण दोन तास झाले होते."

हौशीराम बाजाराला यायचा, पण पायरीवर बसणं कमी झालं. उभ्याउभ्या हिरड्याची पिशवी ठेवायचा आणि जायचा. वाडीत सावडीचा क्रम सांगणंही त्याने सोडलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "माझं डोकं आता चालत न्हाई. दुसऱ्या कुणाला इचारा."

२०२५ च्या जूनमध्ये पुन्हा फॉर्म भरला. या वेळी सुनीलने कागद नाकाला लावले नाहीत. दहा ओळींच्या रकान्यात इंद्रायणीने त्याच सहा ओळी लिहिल्या. बोलावणं आलं की लगेच निघता यावं म्हणून मंचरचं काम सोडून ती वाडीत गेली.

आणि वाडीत हौशीरामने सगळ्यांना सांगितलं, की औंदा मी खाचर पड ठेवणार. आवणी करायची नाही. ना कुणी माझ्याकडे यायचं, ना कुणाचा दिवस माझ्यावर.

हे मला बहिरूआबांनीच सांगितलं. ते दवाखान्यासाठी घोडेगावात आले होते. "लई समजावलं बाई त्याला. म्हणलं, गड्या, वरसाचं भात जाईल, काय खाशील? तर म्हनतो, पोरीच्या डोक्यावं कुणाचा येक दिस नगं. बोलावणं आलं की ती चिखलातनं न्हाई, उंबऱ्यातनं निघाली पायजे." आबांनी डोळे पुसले. "माझ्यामुळं झालं ते सारं. मी बारी दिली नसती तर बरं झालं आसतं."

मी त्यांना म्हटलं, तसं नाही.

शुक्रवार, १८ जुलै २०२५. सकाळी ऊन, दुपारनंतर भुरभुर. चार वाजता यादी लागली. सुनीलने ती त्याच्या संगणकावर उघडली, वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. आदल्या वर्षी आदिवासी मुलींच्या जागांत शेवटचा प्रवेश एकसष्ट टक्क्यांवर थांबला होता. या वर्षी तो पावणेपासष्टवर थांबला. इंद्रायणीचं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीतही नव्हतं.

"आज्जी, चिठ्ठी लिहून द्या, मी कंडक्टरकडे देतो," सुनील म्हणाला.

चिठ्ठी नको, म्हटलं. शनिवारी सकाळच्या गाडीने मी स्वतः गेले.

फाट्यावर उतरले तर रेंजच्या खडकावर हौशीराम बसलेला. अंगावर प्लास्टिकचा कागद, हातात मोबाइल, तोही पिशवीत गुंडाळलेला. अमृत टपरीतून ओरडला, "बाई, ह्यो मानूस आठ दिस झालं हितंच. सकाळधरनं सांजपतोर. मी म्हणलं, पावणं, आता खडकाचं भाडं लावतो तुमाला."

हौशीराम मला पाहून उठला. त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा खाली बसला.

मी त्याच्या शेजारी खडकावर बसले. अमृतने दोन कप चहा आणून ठेवला आणि परत गेला.

"किती मार्कानं?" हौशीरामने विचारलं.

"सव्वातीन टक्क्यांनी."

"गेल्या साली बसली आसती."

"हो. गेल्या साली बसली असती."

तिथून खाली सगळी खाचरं दिसतात. बांधाबांधांनी उतरत गेलेली, पाण्याने भरलेली, नव्या रोपांची हिरवी. मधोमध हौशीरामची चार खाचरं. त्यांत गवत माजलं होतं आणि दोन म्हशी चरत होत्या. त्या खाचरांच्या पलीकडे बहिरूआबांचं शेत. तिथं माणसं ओणवी होती, डोक्यावर इरली, एका ओळीत. त्यांत लाल ओढणी कमरेला बांधलेली इंद्रायणी होती.

"ती कशी काय तिथे?" मी विचारलं.

"जाती. सांगून ऐकत न्हाई. म्हनती, नुसतं बसून काय करू. कुणाचा दिस द्यायचा नाय, कुणाकडनं घ्यायचा नाय, तरी जाती."

मग मी त्याला ते सांगितलं. गाळलेलं वाक्य. फोन सोबत होता, मूळ निरोपही मी पुसला नव्हता. मी तो त्याच्यासमोर धरला. त्याने पडद्यावरचं पाणी बोटाने निपटलं आणि अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचला. 'जागा' या शब्दापाशी त्याचं बोट थांबलं. मग पुढे सरकलं.

मला वाटलं, आता हा मला काहीतरी बोलेल. बोलायला हवं होतं.

फोन परत देत तो म्हणाला, "बाई, ह्ये तुमी लिवलं आसतं..." आणि खाली बहिरूआबांच्या शेताकडे बघत राहिला. "लिवलं आसतं तर बहिरूला तसा टाकून पोरीला धाडली आसती का मी? जागा जाती ह्ये ठावं आसतं तर काय केलं आसतं, वरीस झालं, रोज इचार करतोय. मला ठरवता येत न्हाई."

"मी लिहायला हवं होतं, हौशीराम."

"लिवायला पायजे व्हतं," तो म्हणाला. रागाने नव्हे. सावडीत राहिलेला दिवस सांगावा, तसं.

पावसाची एक सर येऊन गेली. अमृतने मला टपरीत बोलावलं, मी गेले नाही. मी म्हटलं, "इंद्रायणीला हाक मारता? की मी जाऊ खाली?"

हौशीरामने उठून खाली पाहिलं. लावणीची पात, ती माणसांची ओळ, बांधापासून दहा-बारा हातांवर आली होती.

"पात पुरी व्हऊ द्या," तो म्हणाला.

गेल्या वर्षी त्याने हेच केलं होतं. या खेपेला थांबल्याने कुणाचं काही जाणार नव्हतं. मी परत खडकावर बसले आणि आम्ही दोघं वाट पाहू लागलो.

मध्येच तिने पाठ ताठ केली, कपाळावरचं पाणी मनगटाने पुसलं आणि वर पाहिलं. खडकावर बाप, आणि त्याच्या शेजारी काळी छत्री घेतलेली मी. मी चिठ्ठी न पाठवता स्वतः का आले असेन, ते तिला तेवढ्यातच कळलं असावं. ती क्षणभर तशीच उभी राहिली. तिच्या डाव्या हातात रोपांची जुडी होती. शेजारची बाई तिला काहीतरी म्हणाली. मग ती पुन्हा वाकली आणि हातातली जुडी संपेपर्यंत एकेक रोप चिखलात लावत बांधापर्यंत आली.